सिलिंडर जास्त दिवस पुरायला लागतो तेव्हा

पुण्यात वयस्कर माणसांच्या घरी जाऊन त्यांना कुठे आणि किती मदत लागेल, याची पाहणी करण्याचं काम आम्ही करतो. बोलावणं बहुतेक वेळा मुलाकडून किंवा सुनेकडून येतं. "आई म्हणतात माझं सगळं नीट चाललंय, पण आम्हाला काहीतरी वेगळं वाटतंय," असं त्यांचं म्हणणं असतं. मग आम्ही काय बघतो, कोणत्या क्रमाने बघतो आणि त्यावरून मदतीचे तास कसे ठरतात, ते इथे सविस्तर लिहितो आहोत. यातलं बरंचसं घरच्या माणसांना स्वतः करता येतं.

फोनवरच पहिला प्रश्न विचारतो: हा फरक कधीपासून? दोन-चार दिवसांत माणूस बदललं असेल, म्हणजे कालपर्यंत पेपर वाचणारे आजोबा आज असंबद्ध बोलताहेत किंवा सारखे झोपून आहेत, तर पाहणी बाजूला ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, साखर उतरणं, नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी, तुंबलेली लघवी, यांपैकी काहीही असू शकतं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर सोडियमची तपासणी लवकर करून घ्यावी. काही आठवड्यांपूर्वी डोक्याला मार बसला असेल, तर तो किरकोळ वाटला तरी डॉक्टरांना आवर्जून सांगावा. मेंदूवरचा रक्तस्राव हळूहळू साठतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांत हा धोका जास्त असतो. "वय झालं, आता असंच" हे वाक्य या सगळ्या तपासण्या होईपर्यंत कोणी उच्चारू नये, असं आमचं ठाम मत आहे.

बदल महिन्यांमध्ये हळूहळू झाला असेल तरी बी-१२, थायरॉइड, चष्मा आणि कान एकदा तपासून घ्यायला सांगतो. शाकाहारी घरात, त्यातही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर, बी-१२ कमी असणं नवलाचं नाही. त्याने विसराळूपणाही येतो आणि तळपायांची संवेदनाही जाते. कानात मळ साठल्यामुळे प्रश्नाला भलतंच उत्तर देणारं माणूसही घरच्यांना "भ्रमिष्ट" वाटू लागतं.

घरी जायचं ते सकाळी. उठणं, चहा, गोळ्या, आंघोळ, नाश्ता हे सगळं नऊ ते बारामध्ये बघायला मिळतं. रविवारी सगळी मुलं जमलेली असताना पाहणी करू नये. घर आवरलेलं असतं आणि चहाही सूनच करते.

आधी घरातल्या वस्तू बघतो, त्यातही काय संपतंय आणि काय संपत नाही ते. दोघांच्या घरात १४.२ किलोचा सिलिंडर दीड-दोन महिने पुरत होता आणि आता चार महिने झाले तरी बुकिंग नाही, तर स्वयंपाक होत नाहीये. पाइप गॅस असेल तर बिलातला वापर बघावा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. विजेचा गीझर असलेल्या घरात डिसेंबर-जानेवारीत युनिट वाढायला हवेत. ते वाढलेच नसतील तर आंघोळी चुकत असण्याची शक्यता धरायची. अंगाचा साबण महिनोन्महिने तोच. फ्रीजमध्ये दुधाच्या चार-पाच न फोडलेल्या पिशव्या, कारण रतीब चालू आहे पण दूध तापवलं जात नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा आणि पेपरचा हिशेब रोज लिहिला जायचा, तो एका तारखेनंतर थांबलेला. कुकरचा तळ आतून काळा. देवघरात चार दिवसांचं निर्माल्य. पॅसेजच्या भिंतीवर खांद्याच्या खाली हाताचे मळकट डाग, म्हणजे भिंत धरून चालणं सुरू आहे.

यातल्या एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. डबा सुरू केला असेल तर सिलिंडर साहजिकच पुरेल. तीन-चार खुणा एकाच काळात सुरू झाल्या असतील तर मात्र त्या तारखेच्या आसपास काय घडलं ते विचारायचं. कोणी गेलं का, पडणं झालं का, नवं औषध लागलं का, वरच्या मजल्यावरची मैत्रीण मुलाकडे राहायला गेली का?

मग बोलणं. "आंघोळ करता ना रोज?" याचं उत्तर नेहमी "हो तर" असंच येतं, म्हणून तो प्रश्नच विचारत नाही. "बादली कोण भरतं? कुठे ठेवता? केस कोणत्या वारी धुता? पाठीला साबण पोचतो का?" असं विचारलं की खरं चित्र कळतं. चहा तर करूनच दाखवा म्हणतो. पाणी मोजून घेतात का, दोनदा साखर पडते का, सांडशीची पकड घट्ट बसते का, गॅस पेटवल्यावर आणि बंद केल्यावर लक्ष कुठे असतं, दूध उतू जाताना हात पटकन पुढे होतो का, हे त्या पाच-सात मिनिटांत दिसतं. हाताची ताकद, नजर, स्मरण आणि क्रम लावण्याची क्षमता वेगवेगळी बघता येते. चहा जमला नाही, एवढ्या नोंदीचा काही उपयोग नाही. भांडं उचलताना हात थरथरला की आधी दूध टाकायचं की चहापत्ती हेच सुचलं नाही, हे लिहायला हवं. पहिल्या अडचणीला हलकं, दोन कानांचं भांडं पुरतं. दुसऱ्या अडचणीला स्वयंपाकघरात सोबत लागते. कोणत्याही कामात बिघडलेली पायरी शोधायची आणि मदत नेमकी तिथेच द्यायची, हाच आमच्या पाहणीचा गाभा आहे.

सगळ्यात जास्त वेळ आंघोळीला देतो, कारण स्वतःच्या रोजच्या कामांपैकी बहुधा हेच काम आधी जड जायला लागतं. बाथरूमचा उंबरा ओलांडणं, बादली भरून सरकवणं, पाटावर बसणं, तांब्या डोक्यापर्यंत नेणं, तळपाय चोळणं, ओल्या फरशीवरून उठणं, एका पायावर तोल सांभाळत परकर किंवा पायजमा चढवणं, इतकं सगळं त्यात असतं. पाट जेमतेम चार-पाच इंच उंच. मांडीचे स्नायू कमी झाले की त्यावरून उठता येत नाही आणि माणूस नळाला धरून उठायला बघतं. तिथे १७-१८ इंच उंचीची, हात असलेली, पायांना रबरी बूच असलेली आंघोळीची खुर्ची लागते. साधं प्लॅस्टिकचं स्टूल चालत नाही, ओल्या फरशीवर त्याचे पाय फाकतात. खांदा आखडलेला असेल (मधुमेहात हे पुष्कळ दिसतं) तर तांब्या वर जात नाही. नळीचा हातशॉवर बसवला की प्रश्न सुटतो. बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवावी म्हणजे वाकावं लागत नाही, आणि ती अर्धीच भरावी. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कपडे बाथरूममध्ये उभ्याने न घालता बाहेर पलंगावर बसून घालावेत.

पुण्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दुरुस्तीसाठी पाणी बंद असण्याचा वार बहुधा गुरुवार असतो. आदल्या रात्री घरातली वयस्कर बाई बादल्या, पातेली, कळशी भरून ठेवते आणि सकाळी त्या उचलून नेते. बाथरूमच्या वाटेत भरलेल्या बादल्या आणि फरशीवर सांडलेलं पाणी असल्याने त्या दिवशी पडण्याचा धोका वाढतो. इतर कोणत्या दिवशी नाही तरी बुधवारी संध्याकाळी पाणी भरायला कोणीतरी यावं, ही मदत सहज ठरवता येते.

आधाराचे दांडे बसवताना चुका फार होतात. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. माणसाचं वजन पडलं की तो स्क्रूसकट निघतो. रबरी चकतीने टाइलला चिकटणारे दांडेही नकोत, त्यांची पकड कधी सुटेल ते सांगता येत नाही. स्टीलचा, सव्वा ते दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दीड इंच अंतर राहील असा दांडा, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, अँकर फास्टनर (भिंतीच्या आत फुलून घट्ट बसणारा बोल्ट) घालून बसवावा. अर्धांगवायू होऊन गेला असेल तर कमोडजवळचा दांडा ताकद असलेल्या हाताच्या बाजूला. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत माती-विटांची भिंत फास्टनर धरत नाही. तिथे भिंतीवर अवलंबून न राहता जमिनीवर उभी राहणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली कमोडची चौकट वापरावी. भारतीय पद्धतीच्या संडासावरही तिचा उपयोग होतो. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्यावं. माणूस आत पडलं तर नेमकं दाराला टेकून पडतं आणि दार ढकलता येत नाही. आतली कडी काढून टाकावी. आत कोणी आहे हे कळण्यासाठी दाराच्या हँडलला नॅपकिन अडकवण्याची सवय घरात लावून घेता येते.

हे सगळं झालं की पुष्कळ घरांत आंघोळीसाठी माणूस लागतं ते अर्धा तास: बादली भरायला, पाठ चोळायला आणि हाकेच्या अंतरावर थांबायला.

औषधांसाठी घरातल्या सगळ्या गोळ्या एका टेबलावर काढायला सांगतो. खणातल्या, पर्समधल्या, देवघरामागच्या, फ्रीजच्या दारातल्या, झाडून सगळ्या. मग मोजणी. १५ गोळ्यांची स्ट्रिप १ तारखेला उघडली असेल आणि रोज एक घ्यायची असेल, तर ११ तारखेची गोळी घेतल्यावर ४ उरायला हव्यात. ७ उरल्या तर तीन दिवस चुकले. २ उरल्या तर दोनदा डबल झाली, आणि हे जास्त घातक. स्ट्रिप उघडताना मागे पेनने तारीख लिहिली की ही मोजणी कोणालाही जमते. गोळी चुकण्याची कारणं मात्र निरनिराळी असतात. संधिवाताच्या बोटांनी फॉइल फुटत नाही. मोतीबिंदूमुळे दोन पांढऱ्या गोळ्या सारख्या दिसतात. दुकानदाराने कंपनी बदलून दिली आणि रंग बदलला, म्हणून "ही माझी नव्हेच" असं वाटतं. एकच औषध दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावांनी दिलेलं असतं आणि दोन्ही घेतलं जातं. आठवड्याचा कप्प्यांचा डबा पहिल्या दोन अडचणींना चांगला. शेवटच्या अडचणीला फॅमिली डॉक्टरांसमोर सगळी पिशवी रिकामी करणं हाच उपाय. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या डब्यात भरताना फार जपावं. संधिवाताची मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं.

गोळ्या आणि जेवण एकत्रच बघावं लागतं. एकट्या माणसाचं रात्रीचं जेवण हळूहळू चहा-खारीवर किंवा दूध-पोह्यांवर येतं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र पूर्वीच्या पोळी-भाजी-भाताच्या हिशेबाने दिलेली असते. मग पहाटे साखर उतरते, घाम येतो, आणि सकाळी माणूस गोंधळलेलं दिसतं. घरचे त्याला विसराळूपणा समजतात. वजन दर महिन्याच्या एकाच तारखेला करून कालनिर्णयवर लिहावं. ६० किलोचं माणूस प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५७ वर आलं, म्हणजे पाच टक्के घट झाली, तर डॉक्टरांना दाखवावं. कवळी सैल झाली आहे का, हेही तेव्हाच बघून घ्यावं.

चालण्याची चाचणी घरीही करता येते. हात असलेल्या खुर्चीपासून तीन मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, खडूने रेघ मारायची. उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावायची आणि बाजूला एकाने उभं राहायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. सेकंदांइतकंच वळणंही बघतो. एका दमात वळतात की पाच-सहा तुकड्यांत? चालताना प्रश्न विचारला तर पाय थांबतात का? थांबत असतील तर रस्त्यावर, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, काय होईल याचा अंदाज येतो. रोज पर्वती चढणारे आजोबा "आता उन्हाचा त्रास होतो" म्हणून जायचे थांबले असतील, तर पायऱ्या उतरताना काय होतं ते विचारावं. चढण्यापेक्षा उतरण्याची भीती आधी बसते, आणि बायफोकल चष्म्यातून खालची पायरी धूसर दिसते.

रक्तदाब बसूनच मोजला जातो, त्यामुळे एक गोष्ट सुटते. पाच मिनिटं आडवं झाल्यावर मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पहाटे बाथरूमला उठताना चक्कर येण्याचं कारण सापडलं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही असं होतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आकडे लिहून डॉक्टरांना द्यावेत.

रात्रीसाठी विचारायचं ते एवढंच: किती वेळा उठता, दिवा कुठे आहे, वाटेत काय आहे? पलंगापासून हाताच्या अंतरावर बटण, पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा, आणि सगळी पायपुसणी उचललेली. पायपुसण्यांवरून घराघरांत वाद होतात, पण आम्ही ती ठेवू देत नाही.

नवरा-बायको दोघंही असतील तर एकेकाशी वेगळं बोलतो. पन्नास वर्षांच्या संसारात एकाची उणीव दुसऱ्याने कधी भरून काढायला सुरुवात केली, हे त्यांनाही कळलेलं नसतं. काकांना रस्ते आठवत नाहीत, पण काकू बरोबर असतात. काकूंना गोळ्यांची नावं वाचता येत नाहीत, पण काका वाचून दाखवतात. त्यातलं एक रुग्णालयात दाखल झालं की दुसऱ्याचं घरात एकट्याने काय होईल, याची तयारी आधीच हवी.

पैशांचं थोडक्यात सांगतो. एकच बिल दोनदा भरलेलं, पासबुकात न ओळखीच्या नोंदी, "वीज तोडणार" किंवा "अटक करणार" अशा फोनची धास्ती, या खुणा दिसल्या की बँकेचे व्यवहार संयुक्त खात्यात आणावेत, तेही माणूस सगळं समजून सही करू शकतं तोवर. मुखत्यारपत्र करून ठेवलं की पुढे कायम चालेल, असा पुष्कळांचा समज असतो. करून देणाऱ्याची समज गेल्यावर साधारणपणे ते कायद्याने चालत नाही.

यानंतर तास ठरतात. वस्तूने भागेल तिथे वस्तू. ठरावीक वेळीच अडत असेल तर तेवढ्या वेळेला माणूस, बहुधा सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक. चोवीस तासांचं माणूस केव्हा, तर रात्री स्वतः उठून संडासला जाता येत नाही, गॅस पुन्हा पुन्हा चालू राहतो, बाहेर पडल्यावर घर सापडत नाही, किंवा अडचणीत फोन लावता येत नाही तेव्हा. घाबरून पहिल्याच दिवशी चोवीस तासांची मावशी ठेवली की ती सगळं हातात देते, कारण तिला ते लवकर होतं. आजी पलंगावरून कमी उठतात आणि काही आठवड्यांत उरलेली ताकदही जाते. म्हणून मावशींसाठी एक कागद भिंतीवर लावतो: ब्लाउजची बटणं आजी स्वतः लावतील, देवपूजा त्याच करतील, फुलं मावशी आणून ठेवतील, चहा आजी करतील आणि मावशी बाजूला थांबतील.

मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोशी बोलताना हे विचारून घ्यावं: सुट्टीच्या दिवशी बदली कोण, जेवण कोणाचं, स्वयंपाक आणि कपडे कामात धरलेत का (पुष्कळदा नसतात), कमिशन किती आणि मावशी पंधरा दिवसांत सोडून गेली तर त्याचं काय, पोलिसांकडची पडताळणी झाली आहे का? इंजेक्शन, नाकातली नळी, लघवीची पिशवी हे प्रशिक्षित सिस्टरचं काम. मावशीकडून करून घेऊ नये. रात्री चार वेळा उठवावं लागत असेल तर चोवीस तासांसाठी एक माणूस पुरत नाही. तिलाही झोप लागते. बारा-बारा तासांच्या दोघी ठेवाव्या लागतात. वयाच्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही, तेव्हा महिन्याचा हिशेब भावंडांनी आधीच मांडावा. मार्गदर्शनासाठी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा विनामूल्य क्रमांक आहे.

आई नको म्हणत असतील तर सुरुवात अंगाला हात लावण्याच्या मदतीने करू नये. आधी पोळ्यांना बाई, मग भाजी निवडायला थोडं थांबणं, मग केस धुवायच्या दिवशी पाणी घालणं. बाई कोण ठेवायची ते आईंनीच बोलून ठरवावं. "तुम्हाला आता जमत नाही" ऐवजी "पंधरा दिवस बघू, नाही पटलं तर बंद करू" म्हणावं, आणि नाही पटलं तर खरोखर बंद करावं.

पंधरा दिवसांनी आम्ही परत जातो. गोळ्यांची मोजणी, वजन, चालण्याचे सेकंद आणि किती रात्री अखंड झोप लागली, एवढं बघतो. पुढे दर तीन महिन्यांनी, आणि रुग्णालयातून घरी आल्यावर लगेच. त्या वेळी तास वाढवावेच लागतात, कारण आठवडाभर पडून राहिलं तरी पायांची ताकद झपाट्याने उतरते. ते वाढवलेले तास मग तसेच चालू राहतात, कमी करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. फिजिओथेरपी सुरू करून, रेघेपर्यंतची चाल पूर्वीच्या वेळेवर आली की आधी दुपारचे तास कमी करतो, मग संध्याकाळचे. सकाळची आंघोळीची वेळ आणि रात्र सगळ्यांत शेवटी, तीही सलग दोन आठवडे कोणाला हाक न मारता उठणं जमल्यावर.